धुक्याला धूर म्हणणारं नाक

मित्रांनो, मी एक जुनं नाक आहे. कुणाच्या चेहऱ्यावरचं नव्हे, भिंतीवरचं. कागदोपत्री मी हवा तपासणारी पेटी आहे. वीतभर लांब, पांढरी, खाली जाळीचं तोंड आणि पुढे तीन दिवे. पण उसांबाराच्या डोंगरातल्या क्वेबारा गावात कागदाला कोण विचारतो? शाळेच्या भिंतीवर मला टांगलं त्याच दिवशी मुलांनी माझं नाव नाक ठेवलं, आणि आठ वर्षं झाली तरी तेच चालू आहे. नाव ठेवताना मला कुणी विचारलं नाही.

माझ्या जन्माचं फारसं सांगण्यासारखं नाही. एका लांबलचक टेबलावर माझ्यासारख्या दोनशे जणी एका दिवसात तयार झाल्या. पोटात एक छोटा पंखा, उजेडाची एक बारीक तिरीप आणि ती तिरीप पाहणारा एक डोळा, एवढाच माझा संसार. पंखा बाहेरची हवा आत ओढतो. हवेत धुळीचे, धुराचे कण असले की ते तिरिपीत चमकतात आणि डोळा ते मोजतो. थोडे असले की हिरवा दिवा, बऱ्यापैकी असले की पिवळा, फार झाले की लाल. कणांना मी नावगाव विचारत नाही. चमकला की मोजला.

विद्यापीठातल्या एका बाईंनी मला दार एस सलाम शहरातून बसने वर आणलं. घाटातल्या वळणांवर त्यांना मळमळत होतं, तरी त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही, हे मी विसरलेले नाही. सोबत एक छापील तक्ता होता. हिरवा दिवा: खुशाल खेळा. पिवळा दिवा: जपून खेळा. लाल दिवा: मुलांना आत घ्या, दारंखिडक्या बंद करा. हा तक्ता समुद्रकाठच्या त्या मोठ्या शहरासाठी केलेला होता. तिथे घाण हवा रस्त्यावर असते आणि त्यातल्या त्यात घर बरं असतं. डोंगरासाठी वेगळा तक्ता करायला कुणाला सवड झाली नव्हती, म्हणून तोच वर आला.

शाळेचे मुख्याध्यापक शेहोझा गुरुजी. माणूस उंच, मनाने चांगला आणि छापलेल्या अक्षरावर त्यांची भारी श्रद्धा. त्यांनी मला पुढच्या भिंतीवर, झेंड्याच्या खांबाशेजारी टांगलं.

"इथेच का, गुरुजी?" बाईंनी विचारलं.

"पाहुणे इथूनच येतात ना," गुरुजी म्हणाले.

बाईंना खाली जाणारी बस गाठायची होती, म्हणून त्या निघाल्या. मुलं मात्र खूश झाली. थोरामोठ्यांना करायचा तो नमस्कार, 'शिकामू', ती मलाही करू लागली. सकाळी रांगेने येताना गुरुजींना एक शिकामू आणि नाकाला एक.

मी आले तेव्हा किआंगाझी चालू होता, म्हणजे कोरडा उन्हाळा. लाकडाचे ओंडके भरलेल्या लॉऱ्या तांबडी धूळ उडवत जायच्या. लाकडाच्या गिरणीमागे भुशाचा ढीग आठवडा आठवडा धुमसायचा. पेरणीआधी लोक उतारावरचं तण जाळायचे. सकाळी सहा ते आठ गावातल्या सगळ्या चुली एकदम पेटल्या की धूर खोऱ्यातच बसून राहायचा, कारण वरची हवा ऊबदार आणि खालची गार. तेव्हा मी लाल व्हायचे. ते लाल खरं होतं. मग मार्चमध्ये मासिका आला, मोठा पाऊस, आणि त्याने सगळं धुऊन काढलं. कापराच्या जंगलाकडून येणारा वारा इतका स्वच्छ असे की माझ्या डोळ्याला काम उरत नसे. सात आठवडे मी हिरवीच होते. तपासणीला आलेल्या साहेबांना गुरुजींनी सांगितलं, "आमची हवा जिल्ह्यात पहिली." त्यात माझं कर्तृत्व शून्य, पण कौतुक ऐकून मीही नाक वर करून लटकत होते.

अंगणापलीकडे, माझ्या अगदी समोर, शाळेची स्वयंपाकाची खोली होती. मातीच्या विटांच्या भिंती, वर पत्रा आणि भिंत-पत्रा यांच्यामध्ये चारी बाजूंनी दीड वीत फट. धूर त्या फटीतून बाहेर पडायचा. आत तातूची आई. तिचं स्वतःचं नाव गावात कुणाला आठवत नसे, थोरल्या लेकीच्या नावानेच सगळे हाक मारत. बावीस वर्षं ती तीन दगडांच्या चुलीवर तीनशे दहा मुलांचे मकांदे शिजवत होती, म्हणजे मका आणि घेवडा एका हंड्यात. बावीसपैकी निदान पंधरा वर्षं ती खोकत होती.

इथली एक रीत आहे. कुणी ठेचकाळलं, शिंकलं, खोकलं की जवळच्याने 'पोले' म्हणायचं. म्हणजे वाईट वाटलं बरं का. रीत चांगलीच आहे, मी नाव ठेवत नाही. पण मोजणं हा माझा धर्म, म्हणून एका सकाळी मोजलं. तातूची आई चौदा वेळा खोकली, अकरा जणांनी पोले म्हटलं आणि अकराही जण आपापल्या कामाला गेले. तिलाही त्यात वावगं वाटत नसावं, कारण ती दर वेळी मान डोलवून हंडा ढवळायची.

जूनच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा किपुप्वे सुरू झाला होता. किपुप्वे म्हणजे आमचा थंडीचा काळ. जंगलातून धुकं उतरतं, अंगण ओलांडतं आणि वर्गात शिरून बाकावर बसतं. पंखा ते धुकं आत ओढू लागला. धुक्याचे थेंब माझ्या तिरिपीत धुळीच्या कणांसारखेच चमकतात. चमकला की मोजला. मी लाल झाले. सकाळी सातपासून दुपारपर्यंत, रोज लाल.

मित्रांनो, ही माझी चूक. हवा तेव्हा वर्षातली सगळ्यात स्वच्छ होती. फक्त ओली होती.

गुरुजींनी तक्ता पाहिला आणि शाळेच्या दारंखिडक्या लावून घेतल्या. शुक्रवारी मशिदीत आणि रविवारी चर्चमध्ये त्यांनी निरोप दिला: नाक लाल असेल तेव्हा घरं बंद ठेवा. लोक एका पायावर तयार झाले. थंडीत दार लावायला कुणाला नको असतं? शिवाय धुक्यात आजार असतो हे प्रत्येकाच्या आजीने सांगून ठेवलेलं होतं.

"आपल्या म्हाताऱ्या उगाच बडबडत नव्हत्या," लोक म्हणाले. "आता यंत्रसुद्धा तेच सांगतंय."

आणि मग गुरुजींना तातूच्या आईची आठवण झाली. शाळेत सगळ्यात जास्त खोकणारी तीच, आणि तिच्याच खोलीला चारी बाजूंनी फट. त्यांना रात्रभर चैन पडलं नाही, असं त्यांनी सकाळी रांगेत सांगितलं. मुलांनी पोती आणली, चिखल तुडवला आणि गुरुजी स्वतः शिडीवर चढून फट लिंपायला लागले.

"गुरुजी, मला काय हंड्यात घालून वर झाकण ठेवताय?" तातूची आई खालून म्हणाली.

"तातूच्या आई, थट्टा नाही. ते बघा नाक. आठ दिवस लाल आहे. ही हवा तुमच्या छातीला सोसायची नाही."

"आणि धूर कुठनं जायचा?"

"दार आहे की. थोडं किलकिलं ठेवा. पण जास्त नाही हां."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी लालच होते. मग तिने मान डोलवली, कारण माणूस शिकलेला होता आणि तिच्या भल्यासाठीच शिडीवर चढला होता.

किपुप्वेत लाकडं ओली असतात. ओलं लाकूड जळण्याआधी तासभर नुसतं धुमसतं. फट लिंपल्यापासून नवव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला स्वयंपाकाच्या खोलीचं दार उघडलं आणि तातूची आई बाहेर आली. हातात ढवळायचं लाकडी उलथणं तसंच होतं. चार पावलं टाकून ती अंगणातल्या चिखलात बसली. ती खोकत नव्हती. खोकायला लागतो तेवढाही श्वास तिच्याकडे नव्हता, आणि ओठ जांभळे पडले होते.

चार जणांनी तिला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेलं. गुरुजी बरोबर धावत होते. "तोंडावर कापड धरा," ते म्हणत होते, "हवा लाल आहे." कुणीतरी तिच्या अंगाभोवती गुंडाळलेला सुती कांगा ओढून तिच्या नाकातोंडावर धरला. त्या घटकेला तिला कशाची गरज असेल तर ती त्या धुक्यातल्या हवेची होती, आणि ती माझ्या शब्दावर अडवली गेली. लॉरी दिसेनाशी झाली तरी माझा दिवा लाल जळत होता. मला तो विझवता येत नव्हता. मला लाज वाटली, एवढंच सांगते.

पुढचे दहा दिवस तिची लेक तातू खालच्या इस्पितळात आणि गावात खेपा घालत होती. तातू भाजीच्या पेंढ्या बांधून बाजारात विकणारी, तोंडाची फटकळ बाई. आईची पांढरी चादर धुऊन ती वाळत घालायची तर किपुप्वेत कपडे वाळत नाहीत. म्हणून इथल्या बायका ते चुलीवर दोरी बांधून टाकतात. चादर मधोमध फाटलेली होती. तिने एक तुकडा शाळेच्या कुंपणावर टाकला आणि दुसरा आईच्या स्वयंपाकाच्या खोलीत, चुलीवरच्या दोरीवर. चूल तेव्हा म्वानाइदी नावाची तरुण बाई सांभाळत होती, आईच्या जागी तात्पुरती आलेली. तीन दिवसांनी तातू दोन्ही तुकडे घेऊन झेंड्याच्या खांबापाशी आली आणि तिने गुरुजींना हाक मारली.

"हा बघा, तुमच्या लाल हवेतला." तिने ओला, पांढराशुभ्र तुकडा पुढे केला. "आणि हा तुमच्या बंद खोलीतला."

दुसरा तुकडा वाळला होता. तो चहाच्या रंगाचा झाला होता आणि त्यावर काजळीचे धागे चिकटले होते.

"कुठला तुकडा नाकावर धरून झोपाल, गुरुजी?"

गुरुजींनी दोन्ही तुकडे हातात घेतले. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे, मग पुन्हा कापडाकडे. "मी स्वतः चिखल लावला," ते म्हणाले. "मी स्वतः."

"लावलात खरा," तातू म्हणाली. "आता काढा."

त्यांनी शिडी आणली आणि त्याच दुपारी सगळी पोती खेचून काढली. कुणाला हात लावू दिला नाही. मग माझी पाळी आली. मुलं मला खोटारडं नाक म्हणू लागली, शिकामू बंद झाला आणि त्यातलंच एक पोतं माझ्या तोंडावर आलं. सगळ्या गावासमोर माझं नाक कापलं गेलं म्हणा ना. मी तक्रार करत नाही. आत अंधार होता आणि मी मोजत होते, पण विचारणारं कोणी नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी तातूची आई परत आली. शाळेचा चढ ती पाच ठिकाणी थांबून चढली. इस्पितळात तिला सांगितलं होतं की छातीचं जे गेलं ते गेलं, आता उरलेलं राखायचं, आणि धुराजवळ बसायचं नाही. अंगणात आल्यावर ती स्वयंपाकाच्या खोलीकडे न जाता आधी माझ्याकडे आली. पोतं बाजूला केलं. कांग्याच्या टोकाने माझं अंग पुसलं आणि उभी राहून वाट पाहिली. शंभर मोजेपर्यंत माझं अंग पुन्हा ओलं झालं. तिने पुन्हा पुसलं, पुन्हा ओलं झालं. दुपारी धुकं उठलं, ऊन आलं. तिने पुसल्यावर मी कोरडीच राहिले आणि थोड्या वेळाने माझा दिवा हिरवा झाला.

"हे खोटं बोलत नाही, गुरुजी," ती म्हणाली. "याला सर्दी होते. शेंबडं पोर तुम्हांला काय वास सांगणार?"

गुरुजींना हसावं की नाही कळेना.

"आधी नाक पुसायचं," ती म्हणाली. "मग शंभर मोजायचे. अंग ओलं झालं तर धुकं आहे, त्या लालकडे बघायचं नाही. कोरडं राहिलं आणि तरी लाल, तर मग खरं लाल."

गुरुजींनी ते मोठ्या अक्षरांत लिहून छापील तक्त्यावर चिकटवलं. तेव्हापासून रोज सकाळी एक मूल खुर्चीवर चढून माझं नाक पुसतं आणि बाकीची मोठ्याने शंभर मोजतात. पहिलीच्या वर्गाला शंभरपर्यंतचे अंक असेच पाठ होतात. मला गुदगुल्या होतात असं मुलं म्हणतात, तसं काही नाही.

पण तातूच्या आईचं काम अजून संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती गुरुजींना म्हणाली, "हे नाक माझ्या खोलीत टांगा."

"अहो, ते मोकळ्या हवेसाठी आहे. तसं लिहिलंय."

"मोकळ्या हवेला कुठे खोकला झालाय?"

 गुरुजींनी विद्यापीठातल्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, टांगा, पण काजळीने ती आतून कोंडेल, फार दिवस टिकणार नाही. हे सगळं माझ्यासमोर बोललं गेलं. मला भीती वाटली का? थोडी वाटली. पण आठ महिने मी झेंड्याशेजारी लटकून कापराच्या जंगलाची हवा मोजत होते, आणि ती हवा मी न मोजताही चांगलीच होती.

गुरुजींनी एक अट मात्र घातली. इस्पितळाचा कागद त्यांनी वाचला होता. "तातूच्या आई, वर्ष संपेपर्यंत मुदत. तोवर खोलीत काय सुधारायचं ते सुधारू. शाळा सुटायच्या आठवड्यात दिवा हिरवा असेल तर चूल तुमची. नसेल तर तुम्हांला उठावं लागेल."

"उठून बसू कुठे?" ती म्हणाली. हे तिने हळू विचारलं, भांडायला म्हणून नव्हे. "माझ्या हाताला दुसरं काही येत नाही, गुरुजी. सकाळी उठले की पाय इकडेच वळतात."

"मग दिवा हिरवा करू," गुरुजी म्हणाले.

आणि माणसं कामाला लागली. गिरणीवाल्याने पत्र्याचे जुने नळ दिले, त्यांचं धुराडं उभं राहिलं. चूल कमरेइतकी उंच करून घेतली. मुलं रोज एकेक लाकूड आणत ते आता छपराखाली रचून महिनाभर वाळवलं जाऊ लागलं. म्वानाइदीला मदतीला ठेवलं. मी खोलीच्या कोपऱ्यात, तातूच्या आईच्या डोक्याच्या उंचीवर लटकत होते. सप्टेंबरभर मी लाल होते. ऑक्टोबरमध्ये वारा सुटला तेव्हा क्वचित पिवळी. नोव्हेंबरात वुलीचा छोटा पाऊस आला, लाकडं दमट झाली, मी पुन्हा लाल. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ती माझ्याकडे बघायची आणि हंडा उतरवल्यावर पुन्हा बघायची. 

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुटायला तीन दिवस राहिले असताना, चूल पेटलेली असूनही मी पिवळी झाले. दुसऱ्या दिवशी हिरवी. तिसऱ्या दिवशीही हिरवी.

गुरुजींनी सगळी शाळा अंगणात बोलावली. मुलं दारातून डोकावून माझा हिरवा दिवा बघून गेली. टाळ्या झाल्या. "तातूच्या आई, जिंकलात," गुरुजी म्हणाले. बावीस वर्षांत तिच्यासाठी टाळ्या वाजलेल्या मी ऐकल्या नव्हत्या; म्हणजे मी होतेच किती दिवस, पण म्वानाइदीही तसंच म्हणाली.

सगळे गेल्यावर तातूची आई आत आली. तिला खोकला आला. हंड्याला धरून ती बराच वेळ खोकली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, जवळ आली आणि हाताची पालथी बाजू माझ्या तोंडाशी धरली. एरवी तिथे पंख्याची बारीक झुळूक लागते. तिला काही लागलं नाही. तिने कान लावला. आत काही गुणगुणत नव्हतं.

मित्रांनो, माझा पंखा काजळीने बसला होता. आत हवाच येत नव्हती, तर डोळ्याला दिसणार काय? काही दिसत नाही म्हणून मी हिरवी होते.

तिला ते कळलं. श्वास न मिळणं म्हणजे काय हे त्या गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती चुलीसमोरच्या बुटक्या स्टुलावर बसली. मी वाट पाहत होते. ती गप्प राहिली असती तर मला काही करता आलं नसतं, आणि तिला दोष द्यायला माझी जीभही वळली नसती. चूल तिची राहिली असती. टाळ्या तर वाजून गेल्याच होत्या.

तेवढ्यात म्वानाइदी आली. सात महिन्यांची लेक तिने पाठीला कांग्यात बांधली होती.

"मावशी, एक विचारू? आता हिरवं झालंय ना. नव्या वर्षापासून हिला पाठीला बांधूनच कामाला आणू का? घरी आता बघायला कुणी नाही."

तातूच्या आईने पोरीकडे पाहिलं. पोरगी झोपली होती आणि तिचं तोंड उघडं होतं.

"आधी तिला बाहेर ने," ती म्हणाली. "झाडाखाली नेऊन बस. आणि कोंबडीचं एखादं पीस दारातून आणून दे."

"पीस? कशाला?"

"आण म्हटलं ना."

चाकूच्या टोकाने तिने माझं झाकण उघडलं. पिसाने माझा पंखा, माझी जाळी, माझा डोळा झाडला. तिच्या श्वासाची शिट्टी मला जवळून ऐकू येत होती. ती मध्ये थांबायची, भिंतीला टेकायची आणि पुन्हा हात घालायची. काजळीचा एवढा गोळा निघाला की तिने तो तळहातावर घेऊन निरखून पाहिला. पंखा अडखळला आणि फिरला. हिरव्याचा पिवळा झाला. पिवळ्याचा लाल झाला.

ती दारात गेली आणि तिने गुरुजींना हाक मारली.

"हे काय?" गुरुजी म्हणाले. "सकाळी हिरवं होतं."

"सकाळी मेलेलं होतं," ती म्हणाली. "मेलेल्याला कसला आलाय धूर?"

"तुम्ही... तुम्ही उघडलंत हे? उद्या शाळा सुटतेय, तातूच्या आई. मी सगळ्यांना सांगून बसलो. अजून दोन दिवस नसतं उघडलं तर..."

"तर ती पोर इथे आली असती, पाठीवर बांधून." तिने झाडाखाली बसलेल्या म्वानाइदीकडे हात केला. "माझं गेलं ते गेलं, गुरुजी. तुमची अट तुम्ही घातली होती. मी उठते."

तिने उलथणं धुऊन भिंतीला टेकवून ठेवलं. मग ती रडली. लपवून नाही, तिथेच, गुरुजींसमोर. सवयीने गुरुजींच्या तोंडून 'पोले' निघालं. ते स्वतःच दचकले. "नाही," ते म्हणाले. "नुसतं पोले नाही."

नव्या वर्षी शाळा उघडली तेव्हा स्वयंपाकाच्या खोलीला तीनच भिंती होत्या, आणि मासिका यायच्या आत एकच राहिली, पावसाच्या बाजूची. गुरुजींनी आणि थोरल्या मुलांनी बाकीच्या पाडल्या. चुलीवर आता म्वानाइदी असते. तातूची आई वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तीस पावलांवर स्टूल टाकून बसते, घेवडा निवडते आणि तिथूनच ओरडते की मीठ कमी आहे. एवढ्या लांबून तिला कसं कळतं हे म्वानाइदीला अजून कोडं आहे. तिचा खोकला गेलेला नाही. जाणारही नाही.

मी त्या छपराच्या खांबावर आहे. माझा लाल दिवा फिका पडलाय, पंखा कुरकुरतो, आणि दर शुक्रवारी कुणीतरी मला उघडून पिसाने झाडतं. मित्रांनो, माझ्या बहिणी तुमच्या गावात, तुमच्या शाळेतही येतील. त्यांना पाहुण्यांना दिसेल अशा भिंतीवर टांगू नका. जिथे कुणी खोकतंय तिथे टांगा. त्या लाल झाल्या तर कशामुळे ते विचारा. आणि हिरव्या झाल्या तर टाळ्या वाजवण्याआधी त्यांच्या तोंडाशी हात धरून बघा, आतला पंखा चालू आहे का.

म्वानाइदीची पोरगी आता आठ वर्षांची होईल. शाळेत येते, दंगा करते, उतारावरून धावत वर चढते आणि माझ्याखाली उभी राहून मोठ्याने पाढे म्हणते. तिचा खोकला मी अजून एकदाही मोजलेला नाही.